दिवाळी अंकाच्या घाईत विंडोजचं अपग्रेड नको असेल तर

आमच्या गोतावळ्यात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की फोन माझ्याकडे येतो, आणि त्यातले निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "मी काहीच केलं नाही रे, आपोआप झालं." पूर्वी मी गालातल्या गालात हसायचो. आता हसत नाही, कारण खरोखरच आपोआप होतं.

२९ जुलै २०१५ला विंडोज १० आलं आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ते वर्षभर फुकट देऊ केलं गेलं. घड्याळाशेजारी एक छोटं चित्र येऊन बसलं आणि रोज आग्रह करू लागलं. मे २०१६मध्ये तर कमाल झाली. त्या चौकटीची लाल फुली दाबली, तरी अपग्रेडची ठरलेली वेळ तशीच राहायची. फुली म्हणजे 'नको' ही सगळ्या जगाची सवय, आणि इथे फुली म्हणजे होकार! कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकीणबाई 'मी परवानगी दिलीच नव्हती' म्हणून कोर्टात गेल्या. त्यांना १०,००० डॉलर भरपाई मिळाली आणि मायक्रोसॉफ्टने अपील सोडून दिलं. स्पष्ट नकाराचं बटण त्या चौकटीत आलं ते फुकटाची मुदत संपायला महिना उरला असताना.

हा लेख विंडोज १० किंवा ११ वापरणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. बटणांची नावं इंग्रजी स्क्रीनवर जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत, म्हणजे शोधायला सोपं जाईल.

कौलं चाळणं वेगळं, वाडा पाडणं वेगळं

अपडेट आणि अपग्रेड या दोन शब्दांत लोक हमखास गोंधळतात. पावसाळ्याआधी आपण कौलं चाळतो, फुटकं काढून नवं बसवतो, तसं अपडेट. घर तेच राहतं. अपग्रेड म्हणजे रिडेव्हलपमेंट. वाडा पाडून इमारत उभी राहते, आणि तुमचं देवघर नव्या फ्लॅटमध्ये बसतंय का, हे राहायला गेल्यावर कळतं. कौलं दर वर्षी चाळावीच लागतात. रिडेव्हलपमेंटला मात्र सही करायची की नाही हे घरमालकाने ठरवायचं.

आपण कुठे आहोत ते आधी पाहा. कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेली की दाबून ठेवून आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरं टाइप करून एंटर मारा. विंडोज १० असेल तर '२२एच२' दिसायला हवं. ती त्या घराण्यातली शेवटची आवृत्ती. त्यानंतर 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'अबाउट' इथे जाऊन आपलं विंडोज 'होम' आहे की 'प्रो' तेही पाहून कागदावर लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

सुरक्षेच्या अपडेटचा दिवस ठरलेला असतो, महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेतली ती सकाळ आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला उजाडते, त्यामुळे आपला त्रास बुधवारी सकाळी सुरू होतो. त्या बुधवारी महत्त्वाचं काम ठेवू नये, हा माझा घरगुती नियम. सोमवारच्या उपासासारखा पाळतो.

एक चूक माझी

काही वर्षांपूर्वी एका मावसभावाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी अपडेटची सेवाच बंद करून टाकली होती. कटकट नको म्हणून. त्यालाही बरं वाटलं, मलाही शाबासकी मिळाली. ती परत चालू करायला मात्र मी विसरलो, एक-दोन महिने नव्हे, चांगली दोन वर्षं. मग कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून काहीतरी शिरलं आणि दुकानाच्या सगळ्या फाइलींचे शॉर्टकट होऊन बसले. दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून 'अपडेट कायमचं बंद करून दे' म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो.

मोठं उदाहरण हवं असेल तर १२ मे २०१७ला पसरलेलं वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर घ्या. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. दोन महिने ज्यांनी ते घेतलं नाही ते सापडले. त्याच जूनमध्ये नॉटपेट्या नावाचं तसलंच सॉफ्टवेअर आलं. त्याने तेच भोक वापरलं आणि न्हावाशेव्याला आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थंडावलं. आता गंमत पाहा: हे नॉटपेट्या पहिल्यांदा पसरलं ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणजे अपडेट न घेणारे बुडाले आणि एका अपडेटवर विश्वास टाकणारेही बुडाले. म्हणून मी सांगतो ते इतकंच, की अपडेट घ्या, पण आठवडाभर थांबून, आपल्या सोयीच्या वेळी, आणि बॅकअप खिशात ठेवून.

पहिली पायरी: बॅकअप आणि ४८ आकडे

ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या 'डॉक्युमेंट्स'मधल्या फाइली पुसून टाकल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचं वाटप थांबवावं लागलं. तेव्हा कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा असेल तर तो, फॉन्टचं फोल्डर, हे सगळं साधं कॉपी-पेस्ट करा. झालं की डिस्क काढून कपाटात. जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. व्हायरस आला तर तो तिच्यातही जातो.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' म्हणतात. एरवी काही जाणवत नाही. पण एखाद्या अपडेटनंतर, जसं जुलै २०२४च्या अपडेटनंतर काही जणांच्या बाबतीत झालं, निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ती नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं, कुठलाही दुकानदार ते परत मिळवून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करत असाल तर ती किल्ली बहुधा त्याच खात्यात, 'डिव्हायसेस'च्या यादीत ठेवलेली असते. आजच जाऊन कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको. आपल्या घराची किल्ली कंपनीकडे असणं कितपत बरं, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्याकडे एकही किल्ली नाही त्याची अवस्था मी पाहिली आहे.

दुसरी पायरी: वेळ तुमची

विंडोज १०मध्ये 'सेटिंग्ज', 'अपडेट अँड सिक्युरिटी', 'विंडोज अपडेट'. विंडोज ११मध्ये 'सेटिंग्ज' उघडल्यावर डावीकडे सगळ्यात खाली 'विंडोज अपडेट'. इथली चार बटणं कामाची.

'पॉज अपडेट्स' दाबलं की अपडेट थांबतात. विंडोज १०मध्ये एका दाबाने सात दिवस, आणि असं करत करत जास्तीत जास्त ३५. विंडोज ११मध्ये एक ते पाच आठवडे निवडता येतात. मुदत संपली की साचलेली अपडेट आधी घ्यावी लागतात, मगच पुन्हा थांबवता येतं. दिवाळी अंकाचं काम, लग्नपत्रिकांचा हंगाम, रिटर्न भरायची शेवटची तारीख, अशा वेळी हे बटण आधीच दाबून ठेवायचं असतं. आदल्या रात्री आठवलं तर उपयोग नाही, तोवर अर्धं उतरलेलं असतं.

'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' म्हणजे तुमच्या कामाचे तास. या तासांत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. नाइट मारणाऱ्या डीटीपीवाल्यांनी सकाळी आठ ते रात्री दोन असे टाकावेत. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये रीस्टार्टची सूचना दाखवण्याचं बटण आहे, ते चालू करा. ११मध्ये 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल' असं एक लांबलचक नाव दिसेल. ते बंदच ठेवा. पहिल्या पंगतीला बसायची हौस दुसऱ्यांना भागवू द्या. 'ऑप्शनल' किंवा 'प्रीव्ह्यू' लिहिलेलं काही दिसलं तर तेही सोडून द्या.

चौथं बटण 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'. त्यात 'अलाऊ डाउनलोड्स फ्रॉम अदर पीसीज' चालू असेल आणि पर्याय इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरांचा निवडलेला असेल, तर तुमच्या डेटापॅकवर तुम्ही परक्यांना अपडेट पुरवत असता. बंद करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी आणखी एक करावं: 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वायफाय', आपल्या हॉटस्पॉटचं नाव, आणि तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू. मोठी डाउनलोड त्यामुळे थांबून राहतात.

बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' आणि नुसतं 'शट डाउन' असे दोन पर्याय दिसले तर घाईत असताना नुसतं निवडा. मात्र टक्केवारी फिरायला लागली की मग वायर उपटू नका. ज्यांच्याकडे वीज कधीही जाते त्यांनी डेस्कटॉपवर यूपीएस असल्याशिवाय अपडेटला हात घालू नये.

तिसरी पायरी: अपग्रेडला नाही म्हणणं

'नवं आहे, फुकट आहे, मग घ्यायला काय झालं?' असं पुतण्या विचारतो. त्याला सांगावं लागतं की गावोगावच्या छापखान्यांत अजून पेजमेकर ७ हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, त्यावर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट, आणि त्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे मशीनला लावल्याशिवाय ते उघडत नाही अशी छोटी किल्ली. पंधरा-वीस वर्षांचे अंक, स्मरणिका, पंचांगं त्याच फाइलींत आहेत. युनिकोडमध्ये सगळं बदलून घ्यावं हे खरं, मीही तेच सांगतो, पण ते काम हंगामाच्या मध्यावर होत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि त्यातलं 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण जुने ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) अडवतं. डोंगलचा ड्रायव्हर अडला की सॉफ्टवेअर उघडत नाही. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचंही तसंच. तेव्हा विक्रेत्याला आधी फोन करून 'अकरावर चालतं का' हे विचारा. हो म्हणाला तरी दुसऱ्या एखाद्या मशीनवर पाहून घ्या.

बरेचदा नकार तुमच्या वतीने मायक्रोसॉफ्टच देतं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. २०१६च्या सुमाराचं मशीन असेल तर तुम्हाला कुणी आग्रह करणारच नाही.

आग्रह झालाच तर 'विंडोज अपडेट'च्या पानावर 'डाउनलोड अँड इन्स्टॉल'च्या शेजारी 'स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ' असतं. ते दाबा. पूर्ण पडदाभर जाहिरात आली तर थांबून वाचा. मोठं रंगीत बटण होकाराचं, नकार कडेला लहान अक्षरांत. लग्नघरी जास्तीचा लाडू टाळायला जेवढं सावध राहतो तेवढं राहायचं.

'प्रो' असेल तर पक्का बंदोबस्त होतो. पुन्हा विंडोज की आणि आर, चौकटीत 'जीपीएडिट डॉट एमएससी' इंग्रजी अक्षरांत टाका. 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'विंडोज कॉम्पोनंट्स', 'विंडोज अपडेट', आणि त्यात 'विंडोज अपडेट फॉर बिझनेस'. तिथे 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' उघडून 'एनेबल्ड' करा. पहिल्या चौकटीत विंडोज १०चं नाव, दुसऱ्या चौकटीत २२एच२, दोन्ही इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. सुरक्षेची अपडेट याने अडत नाहीत (दहासाठी ती आता कशी मिळवायची ते पुढे आहे), घराणं बदलत नाही. 'होम'मध्ये हे पान नसतं. तिथे गिब्सन रिसर्चचं 'इनकंट्रोल' नावाचं छोटं फुकट साधन हीच नोंद करून देतं. ते त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल नको.

दहाचा आधार संपला, पुढे काय

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. तेव्हा वसुबारस तीन दिवसांवर होती आणि छापखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडत नाही, एवढं मला वीस लोकांना समजवावं लागलं. फक्त कौलं चाळणारा येईनासा होतो.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केली. 'विंडोज अपडेट'च्या पानावरच नोंदणीचा दुवा असतो. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. वाटा तीन: ३० डॉलर भरा, मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्ड्स योजनेचे १,००० गुण द्या, किंवा आपली सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या साठवणीत, ठेवा आणि काहीच भरू नका. तिसरी वाट फुकट म्हणतात, पण तिथे पैशाऐवजी माहिती मोजून दिली जाते. मी स्वतः माझ्या एका मशीनवर तीच घेतली, कारण माझ्या वॉलपेपरमध्ये गुपित काही नाही. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

छापखान्यातल्या जुन्या मशीनसाठी मला सगळ्यांत पटलेला उपाय साधा आहे. त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. पेजमेकरला नेट लागत नाही. पीडीएफ एका ठरलेल्या, दर वेळी तपासलेल्या पेन ड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर न्या आणि मेल तिथून करा. आणि ज्यांना फक्त ब्राउझर, मेल आणि युनिकोड मराठी टायपिंग एवढंच हवं त्यांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून पाहावी. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही आहे.

माहिती किती द्यायची

विंडोज आपल्या वापराची माहिती कंपनीला पाठवतं. त्यातली 'रिक्वायर्ड' माहिती होम आणि प्रोमध्ये पूर्ण बंद करता येत नाही, हे आधी मान्य करून टाकू. बाकीची बंद करता येते. विंडोज १०मध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी'. ११मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'.

तिथे 'डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक'मध्ये 'ऑप्शनल डायग्नॉस्टिक डेटा' बंद, 'इम्प्रूव्ह इंकिंग अँड टायपिंग' बंद, 'टेलर्ड एक्सपीरियन्सेस' बंद. खाली 'डिलीट डायग्नॉस्टिक डेटा' आहे, तेही दाबून घ्या. 'जनरल'मध्ये, किंवा नव्या आवृत्त्यांत 'रेकमेंडेशन्स अँड ऑफर्स'मध्ये, जाहिरातींसाठीचा आयडी असतो. बंद. मग 'लोकेशन', 'कॅमेरा', 'मायक्रोफोन' एकेक उघडून कुठल्या अ‍ॅपला परवानगी आहे ते बघा. कॅल्क्युलेटरला तुमचा पत्ता कशाला हवा? 'रिकॉल' हे अधूनमधून पडद्याचे फोटो काढून ठेवणारं साधन फक्त नव्या 'कोपायलट प्लस' मशीनवर असतं आणि तुम्ही चालू केलं तरच चालतं. सुरुवातीला विचारलं तर नाही म्हणा. मोठ्या अपग्रेडनंतर ही सगळी फेरी पुन्हा एकदा मारा.

सगळ्यांत जास्त रडारड होते ती 'वनड्राइव्ह' या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या कपाटापायी. नव्या मशीनवर किंवा अपग्रेडनंतर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो गुपचूप क्लाउडवर जाऊ लागतात. फुकट जागा ५ जीबी, ती एका बारशाच्या फोटोंत भरते आणि मग 'पैसे भरा' सुरू होतं. घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक करा, दातेरी चाक, 'सेटिंग्ज', 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', आणि तिन्ही बटणं बंद. या क्षणी डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. घाबरू नका! फाइली गेलेल्या नसतात. 'वनड्राइव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये आत 'डेस्कटॉप' आहे, तिथून उचलून परत आणा, आणि आणेपर्यंत तिथलं काहीही पुसू नका.

खोटं अपडेट

ब्राउझरमध्ये 'तुमचं विंडोज कालबाह्य झालंय, या नंबरवर फोन करा' असा पडदा आला, भोंगा वाजला, तर ते अपडेट नव्हे. विंडोजचं अपडेट फक्त 'सेटिंग्ज'मध्ये भेटतं आणि मायक्रोसॉफ्ट तुम्हाला आपणहून फोन करत नाही. ऑल्ट आणि एफ ४ दाबून ब्राउझर बंद करा. कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं, दुसऱ्याला दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं, काही टाकून बसला असाल तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

झालंच अपग्रेड, तर

दहा दिवसांच्या आत असाल तर परतीची वाट उघडी असते. विंडोज ११मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'रिकव्हरी', आणि तिथे 'गो बॅक'. दहा दिवसांनी जुनं विंडोज ठेवलेलं फोल्डर आपोआप पुसलं जातं आणि ते बटण निकामी होतं. म्हणून 'बघू पुढच्या रविवारी' करू नका. 'डिस्क क्लीनअप' चालवून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' स्वतःच पुसू नका, दुकानदारालाही पुसू देऊ नका. परत जाण्याआधी चार्जर जोडा आणि गेल्या काही दिवसांत केलेलं काम बाहेरच्या डिस्कवर घ्या. नव्या विंडोजमध्ये टाकलेली सॉफ्टवेअर परतल्यावर राहत नाहीत, ती पुन्हा टाकावी लागतात.

एखादं साधं मासिक अपडेट बिघडलं असेल, प्रिंटर रुसला असेल वगैरे, तर 'अपडेट हिस्ट्री'मध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. तारखेवरून ताजं ओळखा आणि काढा. काढल्यावर लगेच 'पॉज अपडेट्स' दाबायला विसरू नका. नाहीतर तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत तेच पुन्हा उतरायला लागलेलं असतं.